डमी क्रमांक चार

“चष्मा काढ,” नायब तहसीलदार मला म्हणाले.

मी काढला, आणि कारागृहाचं ते आवार, समोरची दगडी भिंत, तिच्याजवळ उभा असलेला शिपाई, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. माझा नंबर तेव्हाही भरभक्कम होता. चष्म्याशिवाय मला माणूस आणि खांब यांतला फरक कळायचा तो फक्त हालचालीवरून. चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला तर तेही चालेना, कारण रांगेतल्या दुसऱ्या कोणाच्या खिशात चष्मा नव्हता. शेवटी माझ्या वर्गातल्या रेहानाने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाली, की आता कुठे खरा चोर शोभतोस.

याला वीस-बावीस वर्षं झाली. वऱ्हाडातल्या एका विद्यापीठात मी गुन्हेगारीशास्त्राचं एम.ए. करत होतो. आमचा विभाग म्हणजे ग्रंथालयामागच्या दोन खोल्या. बाकीचे विभाग आम्हाला ‘चोर-पोलीस’ म्हणत. मी नेमकं काय शिकतो हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. पोरगा फौजदार होणार, असं ते आल्यागेल्याला सांगून मोकळे होत.

आमच्या विभागप्रमुख डॉ. सुमेधा पिंपळखुटे. ठेंगण्या, खादीच्या साड्या नेसणाऱ्या आणि कुणाचंही ऐकून घेण्यात तरबेज. त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणजे सामान उचलायला ठेवलेली माणसं नव्हती. संशोधन आम्ही बरोबरीने करायचो. आम्ही घेतलेली मुलाखत त्या ऐकत आणि त्यांनी घेतलेली आम्ही ऐकायची, आणि त्यांच्या चुका काढल्या नाहीत तर त्या रागावत. साक्षीदार काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो, हा त्या वर्षीचा विषय होता. गळ्यातली साखळी हिसकावून नेलेल्या बायकांना भेटून आम्ही त्यांच्या आठवणी टेप करत होतो.

मॅडमचे नियम दोन. पहिला, नाव कुठेही ठेवायचं नाही. पत्त्याची चिठ्ठी घेऊन जायचं, मुलाखत झाली की ती फाडायची, टेपवर फक्त आकडा. उद्या कोणी चौकशी करत आलं तरी आमच्याकडून कुठल्या बाईचं नाव फुटता कामा नये. दुसरा नियम असा की उत्तर समोरच्याच्या तोंडात घालायचं नाही. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, कितीही वेळ लागो. हे जमत नाही म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. प्रश्न विचारून झाला की पेनाचं टोपण दातांत धरायचं. सुरुवातीला आम्ही खूप हसलो. पण दातांत टोपण असलं की माणूस खरंच मधे बोलत नाही.

त्या दिवशी आम्हाला खरी ओळख परेड बघायची परवानगी मिळाली होती, तीही मॅडमनी वर्षभर खेटे घातल्यावर. नायब तहसीलदार मोहोड परेड घेणार होते. पद्धत अशी, की संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सहा जणांत उभं करायचं, साक्षीदाराने यायचं आणि ज्याला पाहिलं होतं त्याला हात लावून दाखवायचं. त्या सहा जणांना तिथे डमीच म्हणतात. एरवी कच्च्या कैद्यांतून डमी मिळतात. पण त्या दिवशी निम्मे कैदी तारखेला कोर्टात गेलेले, आणि संशयित उंच, काटकुळा, गालफडं बसलेला. पाच जण कसेबसे जमले, सहावा मिळेना. मोहोड साहेबांनी आवारात नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

मॅडमनी आधी नाही म्हटलं. बघायला आलेल्याने रांगेत उभं राहायचं नसतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की रांगेच्या आतून कसं वाटतं हे आपल्याकडे कोणी लिहिलेलं नाही. मला तेवढं पुरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मला उभं केलं ते चौथ्या जागेवर.

संशयिताला आपली जागा निवडायचा हक्क असतो. तो माझ्या शेजारी, पाचव्या जागेवर, येऊन उभा राहिला. पंचांना बोलवायला साहेब आत गेले आणि शिपाई फाटकापाशी सरकला. बोलायची मनाई होती, पण तुरुंगात ओठ न हलवता बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

“कोन्या केसमधले हाय तुमी?” त्याने विचारलं.

“कोणत्याच नाही.”

“मी बी नाई,” तो म्हणाला.

पुढचं त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. नाव नितेश बावणे. उन्हाळ्यात घरोघरी कुलरच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, पावसाळ्यात मोटरी दुरुस्त करायच्या. महिन्यापूर्वी एक दिवस बाजारात एका बाईने लांबून त्याच्याकडे बोट दाखवलं, लोकांनी धरलं, चार ठेवून दिल्या. तेव्हापासून तो आतच होता. ती बाई कोण, कुठली, तिला आपलाच चेहरा का सापडला, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. घरी फक्त आई, तीही गावाकडे.

“मायले सांगतलं का नागपूरले कामाले गेलो. पोळ्याले घरी नाई गेलो तं तिले समजन सारं. पोळ्याले मी कईच चुकलो नाई.”

पोळा तीन आठवड्यांवर आला होता. तो खरं बोलत होता की नाही, मला माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून चोर ओळखता आला असता तर आपला विभागच बंद करावा लागला असता, असं मॅडम म्हणत. पण त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर त्याची छाती धडधडतेय हे मला जाणवत होतं.

फाटकाचा आवाज झाला. फिक्या साडीतली एक बाई साहेबांच्या मागून आली एवढंच मला दिसलं. मॅडम आणि रेहाना पलीकडच्या व्हरांड्यात उभ्या होत्या, त्यांना तर ती पाठमोरीच दिसत होती. बाई रांगेवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत फिरली. नितेशसमोर थांबली, आणि बराच वेळ थांबली. त्याचा श्वास बंद झालेला मला ऐकू आला. मग ती एक पाऊल सरकली. माझ्यासमोर उभी राहिली. जवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“हाच,” ती म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली. डमीला काही होत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. पण आपल्या खांद्यावर हात पडला की पुस्तक आठवत नाही. एक क्षण मला खरंच वाटलं, की चोरी झाली त्या मे महिन्यात मी कुठे होतो हे आता सिद्ध करावं लागणार. आणि त्याच क्षणी तो आवाज मला ओळखीचा वाटला. स्वच्छ, ठाम, शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारणारा. हाच आवाज मला म्हणाला होता, “आधी पाणी घे बाळा, मग बोलू.”

जूनच्या सुरुवातीला मी आणि रेहाना या बाईंच्या घरी गेलो होतो. टळटळीत दुपार. आमच्याकडे उन्हात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. त्यांनी दार उघडलं तेव्हा मी उंबऱ्याबाहेर उभा राहून दुपट्टा सोडत होतो, आणि त्या दचकून मागे सरकल्या होत्या. मग स्वतःलाच हसल्या आणि पाणी आणलं, कैरीचं पन्हं दिलं. चष्मा काढून मी तोंड धुतलं ते त्यांच्याच मोरीवर. मुलाखत रेहानाने घेतली, मी कोपऱ्यात टेपची बटणं दाबत होतो. त्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. साखळी ओढताना चोराचा दुपट्टा सुटला आणि त्यांनी तोंड पाहिलं. “पस्तीस वर्षं शिकवलंय मी,” त्या म्हणाल्या होत्या. “पहिल्या वर्षाच्या मुली आता आज्या झाल्यात. बाजारात भेटल्या तर मी नावाने हाक मारते. तो चेहरा मी विसरायची नाही.” आम्ही बाहेर आलो आणि नियमाप्रमाणे पत्त्याची चिठ्ठी फाडली. त्यामुळे आज साक्ष द्यायला येणारी बाई कोण, हे आमच्यापैकी कुणालाही आधी कळायचा मार्गच नव्हता.

बाईंना ऑफिसात नेलं. रांग मोडली. जेलर हसत म्हणाले, चोर सोडून संन्याशाला सुळी. सगळे हसले, एक नितेश सोडून. तो माझ्याकडे काळजीने पाहत होता.

“आता तुमाले ठेवतीन का?” त्याने हळूच विचारलं. “भेऊ नका. सुरवातीले जड जाते. तिसऱ्या बराकीत रायजा, तिथले लोक बरे हायेत.”

मी नुसता डमी आहे हे सांगायच्या आतच शिपाई आला. त्याला आत नेलं. मी व्हरांड्यात गेलो, रेहानाकडून चष्मा घेतला आणि दोघींना सगळं सांगितलं. रेहानाने कपाळाला हात लावला. पाठमोऱ्या होत्या, लक्षातच आलं नाही, म्हणाली. आणि लगेच, माझ्या मनात होतं तेच तिने बोलून टाकलं.

“गप्प राहा. कोणी विचारलंय का? बाईंनी त्याला ओळखलं नाही, विषय संपला. तो सुटेल.”

“आणि सांगितलं तर?” मॅडमनी विचारलं.

सांगितलं तर काय होईल हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. साक्षीदाराच्या ओळखीचा माणूस डमी म्हणून उभा केला, म्हणजे परेड रद्द. पंधरा दिवसांनी पुन्हा नवी परेड. नवे सहा डमी, आणि मधे तोच नितेश, ज्याचा चेहरा बाईंनी आज भर उजेडात, हाताच्या अंतरावरून, बराच वेळ न्याहाळला होता. पुढच्या वेळी तो एकटाच त्यांना ओळखीचा वाटला असता. मी हे सगळं भडाभडा बोललो. वर असंही म्हणालो, की एक माणूस आत सडण्यापेक्षा आपण तोंड बंद ठेवणं काय वाईट?

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तो निर्दोष आहे हे तुला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही. वाटतं.”

“बाईंनाही वाटलंच होतं.” मग त्या म्हणाल्या, “हेमराज, जे दिसलं त्यातलं सोयीचं तेवढंच सांगणारे या इमारतीत रोज येतात. त्यात आपली भर कशाला? पण मी तुला सांग म्हणणार नाही. चेहरा तुझा आहे.”

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, त्या दिवशी मला मॅडमचा फार राग आला होता. त्यांनी सरळ हुकूम सोडला असता तर निर्णयाचा भार माझ्या डोक्यावर राहिला नसता. मी व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. नितेशची आई मी पाहिली नव्हती, पण पोळ्याच्या दिवशी वाटेकडे डोळे लावून बसलेली बाई मला दिसायला लागली. आणि तिच्या जोडीला पन्ह्याचा पेला पुढे करणाऱ्या बाईही. त्यांनी माझ्याशी खोटेपणा केला नव्हता. मी मोहोड साहेबांच्या खोलीकडे निघालो.

साहेबांनी ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि मोठा सुस्कारा सोडला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा सगळा दुपारचा उद्योग पाण्यात गेला होता. विद्यापीठवाल्यांना आत घेऊ नये असं वरचे सांगतात ते उगाच नाही, असं काहीसं ते पुटपुटले. मग कारकुनाला म्हणाले, परेड रद्द, पुढची तारीख काढा.

बाई त्याच खोलीत खिडकीपाशी चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी कप बशीत ठेवला.

“रद्द का? माझं काही चुकलं?”

साहेब टाळाटाळ करू लागले. पण पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईपुढे टाळाटाळ किती चालणार? त्यांनी दोनदा विचारल्यावर साहेबांना सांगावं लागलं, की ज्याला तुम्ही हात लावला तो गुन्हेगार नाही, विद्यापीठाचा विद्यार्थी आहे. आणि तो म्हणतो की तुमच्या घरी येऊन गेलाय.

बाईंनी मला खिडकीच्या उजेडात बोलावलं. मी हात जोडले. त्यांनी मला चष्मा काढायला लावला, पुन्हा घालायला लावला. माझ्या मागे दारात मॅडम आणि रेहाना येऊन उभ्या राहिल्या. रेहानाकडे नजर गेल्याबरोबर बाईंचा चेहरा बदलला.

“तुम्ही दोघं,” त्या म्हणाल्या. “तू दारात दुपट्टा सोडलास.”

“हो.”

“मी दचकले.”

“हो.”

त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्याकडे बघवेना. एखाद्याने आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट आपल्यामुळे फुटावी, असं मला झालं होतं. साहेब समजुतीने म्हणाले की होतं असं, मनावर घेऊ नका, पुढच्या वेळी बाहेरचं कोणी ठेवणार नाही. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. त्या विचार करत होत्या. मग त्यांनी जे विचारलं ते कुणालाही उद्देशून नव्हतं.

“मग बाजारातल्या त्या पोराला मी कुठे पाहिलं होतं?”

उत्तर माझ्या जिभेवर आलं. कुलर. एक शब्द. तो टाकला असता तर त्यांना कदाचित लगेच आठवलं असतं, आणि कदाचित आठवलं नसतानाही आठवल्यासारखं वाटलं असतं. पण तेवढा विचार करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी टोचलं. मॅडम शेजारी येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर पेनाचं टोपण होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ते घेऊन दातांत धरलं.

“साखळी ओढणारा तोच, अशी माझी खात्री होती,” बाई म्हणाल्या. “आजही त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा वाटलं, हा माहितीचा आहे. पण याला पाहून जास्त वाटलं. आता याला कुठे पाहिलं ते कळलं. त्याला कुठे पाहिलं?”

साहेब म्हणाले, चोरीच्या वेळी पाहिलं असेल. बाईंनी मान हलवली. बँकेत का? नाही. दवाखान्यात? तो तर बायकांचाच आहे. शाळेतला कोणाचा भाऊ असेल? त्या एकेक जागा घेत, मनाने तिच्या उंबऱ्यापर्यंत जात आणि परत येत. माझे दात टोपणात रुतले होते. रेहाना माझ्यामागे उभी राहून काहीतरी पुटपुटत होती, ती दुआ होती हे तिने नंतर सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. कारकुनाने पान उलटलं तर साहेबांनी त्यालाही दटावलं. आणि मग त्या मान खाली घालून म्हणाल्या, नाही, नाही आठवत. मी हरलो. टोपण काढून ओरडावं असं वाटलं.

बाईंनी चहाचा कप उचलला, त्यात काही उरलं नव्हतं, परत ठेवला. खोलीतला कुलर घरघरत होता. ऑगस्टमध्येही सरकारी ऑफिसात तो चालू असतो. त्यांनी पदराने मान पुसली आणि वारा कुठून येतोय म्हणून वळून पाहिलं. बघतच राहिल्या.

“गवत,” त्या म्हणाल्या.

त्यांनी कुलरच्या ताटीकडे बोट दाखवलं.

“एप्रिलमध्ये घरच्या कुलरला नवं गवत भरून घेतलं. दुकानदार माझ्याशी बोलत होता आणि एक पोरगा बाहेर, खिडकीमागे, काम करत होता. ताटी काढली आणि तिथून त्याचं तोंड दिसलं. धुळीमुळे दुपट्टा बांधला होता, तो त्याने खाली ओढला आणि पाणी मागितलं.” त्या थांबल्या. “मी पाणी दिलं. बाजारातला पोरगा तोच.”

मग त्या ताठ बसल्या आणि वर्गात सांगावं तशा स्वच्छ आवाजात त्यांनी सांगितलं, की साखळी ओढणाऱ्याचं तोंड मी पाहिलं असेन, पण आता माझ्या डोळ्यांसमोर येतात ती दुपट्टा सोडणारी ही दोन पोरं, ज्यांना मी पाणी दिलं. तिसरं तोंड येत नाही. बाजारात मी बोट दाखवलं ते चुकलं. हे लिहून घ्या, मी सही करते.

साहेब म्हणाले, “बाई, हे नमुन्यात बसत नाही.”

“मग नमुन्याच्या बाहेर लिहा,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी टोपण दातांतून काढलं तेव्हा त्याचा चोथा झाला होता, आणि मी तिथल्या बाकावर बसलो. रेहाना रडत होती आणि हसतही होती. बाहेर पडताना बाई माझ्यापाशी थांबल्या. त्या काहीतरी लागेल असं बोलतील म्हणून मी उभा राहिलो.

“तू सांगितलं नसतंस तर मी त्या पोराला कधीच सोडलं नसतं,” त्या म्हणाल्या. “आज नाही तर उद्या, कोर्टात जाऊन बोट दाखवलं असतं. मला तो आठवतच होता ना.”

मी मॅडमकडे पाहिलं. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

पोलिसांनी दुकानदाराला विचारलं, त्याने बाईंचं घर बरोबर सांगितलं. बाईंनी कोर्टातही तेच सांगितलं. नितेश पोळ्याच्या चार दिवस आधी बाहेर आला. साखळी कोणी नेली, हे कधी कळलं नाही. आम्ही तिघांनी त्यावर निबंध लिहिला. मॅडमनी नावं आडनावाच्या क्रमाने घातली, म्हणून गावंडे पहिला, पिंपळखुटे दुसऱ्या आणि शेख तिसरी. लेखक म्हणून माझं नाव सगळ्यांत वर आणि आतल्या पानावर मी ‘डमी क्रमांक चार’. नाव कुठेही ठेवायचं नाही हा नियम मॅडमनी माझ्यासाठीही मोडला नाही. तो निबंध वडिलांना दाखवला तर त्यांनी विचारलं, यात फौजदारकीचं काय?

पोळा होऊन गेल्यावर एक दिवस दुपारी विभागाच्या दारात कोणीतरी घुटमळताना दिसलं. नितेश होता. रांगेतला तो माणूस विद्यापीठातला, हे त्याला जेलरकडून कळलं होतं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात पितळी डबा. मी दाराशीच होतो, चष्मा घालून. त्याने माझ्याकडे पाहिलं, नम्रपणे मान लववली आणि मला ओलांडून आत गेला. आत आमच्या वर्गातला दिनकर बसला होता. माझ्यासारखाच काटकुळा, पण चांगला वीतभर बुटका, आणि चष्मा नसलेला. नितेशने डबा टेबलावर ठेवला आणि त्याचे दोन्ही हात धरले.

“सर,” तो म्हणाला, “पोळा घरी झाला. मायले काईच समजलं नाई. तिनं करंज्या देल्या तुमच्यासाठी. तुमी बाजूले उभे होते म्हनून वाचलो जी. तुमचं तोंड मी मरेपर्यंत इसरायचा नाई.”

दिनकरने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. रेहाना वहीत तोंड खुपसून हसत होती. मी पुढे झालो, चष्मा काढायला हात वर नेला, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे माझं लक्ष गेलं. मॅडम तिथे उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दातांत पेनाचं टोपण.

मी हात तसाच खाली आणला आणि डब्यातली एक करंजी उचलली.